जवानाच्या पेटीतील विजेरी

पहाटे पाचच्या सुमारास गारखेड्यातील विभागीय क्रीडा संकुलाभोवतीचे रस्ते अजून पुरते जागे झालेले नसतात, पण धावणाऱ्या पावलांचा आवाज मात्र सुरू झालेला असतो. जालना, बीड, परभणी, हिंगोलीच्या खेड्यापाड्यांतून छत्रपती संभाजीनगरला आलेली, भाड्याच्या एका खोलीत तिघे-चौघे मिळून राहणारी ही मुले सैन्याच्या किंवा पोलिसांच्या भरतीची तयारी करीत असतात. त्यांच्यापैकी काहींच्या अंगावर पुढे गणवेश चढतो. मग वर्षा-दीड वर्षाने सुटी मिळते, ती पाहता पाहता संपते, आणि परतीची पेटी भरण्याचा प्रसंग येतो. लाडू, चिवडा, शेंगदाण्याची चटणी यांच्या जोडीला अलीकडे त्या पेटीत आणखी एक वस्तू दिसू लागली आहे. काळ्या रंगाची, दणकट दिसणारी विजेरी. धाकट्या भावाने ती पैठण गेट-गुलमंडीच्या बाजारातून हौसेने आणलेली असते. खोक्यावर गरुडाचे चित्र असते, ‘टॅक्टिकल’ हा शब्द असतो आणि त्याखाली काही हजार ल्यूमेनचा आकडा असतो.

या भेटीमागील मायेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. शंका आहे ती त्या आकड्याविषयी. ‘टॅक्टिकल’ या शब्दाला कोणतेही माप नाही. तो कोणीही कशावरही छापू शकतो. सीमेवरील ठाण्यात, पहाऱ्यावर वा गस्तीवर असणाऱ्या सैनिकाला विजेरीकडून जे हवे असते, ते त्या खोक्यावर बहुधा लिहिलेलेच नसते. अशा विजेरीची पहिली कसोटी ती किती कमी उजेड देऊ शकते ही आहे, आणि दुसरी, तो उजेड मागितल्या क्षणी मिळतो की नाही ही. जास्तीत जास्त उजेडाचा क्रमांक त्यानंतर बराच खाली लागतो.

मराठवाड्यातील घरांना हे चटकन पटणार नाही, आणि त्याला सबळ कारण आहे. येथील खेड्यात विजेरी हे शेतीचे अवजार आहे. तिला कोणी विजेरी म्हणतही नाही, ती ‘बॅटरी’. वीज रात्रीची येते, म्हणून पिकाला पाणी रात्री द्यावे लागते, आणि बांधावरून चालताना पायाखाली साप-विंचू दिसावा म्हणून तीन सेलची लांबलचक बॅटरी हातात असते. ‘जीवनसाथी’ नावाची पितळी विजेरी एके काळी अनेक घरांत खुंटीला टांगलेली असे. ते नाव ठेवणाऱ्याला ग्रामीण भारत नेमका कळला होता. शेतकऱ्याच्या दृष्टीने झोत जितका लांब, तितका बरा. साप उजेड पाहून गोळी झाडत नाही.

सैनिकाचे गणित येथेच उलटे होते. अंधारात पेटलेला दिवा त्याला समोरचे दाखवतो, त्याहून अधिक स्पष्टपणे तो समोरच्याला त्याचा पत्ता सांगतो. हे तत्त्व महाराष्ट्राला परक्या पुस्तकातून शिकण्याची गरज नाही. ५ एप्रिल १६६३ च्या रात्री लाल महालात शायिस्तेखानाची बोटे छाटून महाराज सिंहगडाच्या दिशेने निसटले. त्या वेळी कात्रजच्या घाटात बैलांच्या शिंगांना पलिते बांधून पाठलाग करणाऱ्या सैन्याला भलत्याच दिशेला वळवले, असे परंपरा सांगते. उजेड जिकडे, तिकडे शत्रू धावणार, हे ओळखूनच ही युक्ती योजली होती. फेब्रुवारी १६७० मध्ये सिंहगडावर तानाजी मालुसऱ्यांच्या मावळ्यांनी कडा चढला तो अंधारात. गड सर झाल्याची खूण म्हणून आग पेटवली ती काम झाल्यावर. कथेतील तपशिलांवर इतिहास-संशोधकांनी वाद घालावेत, पण ती सांगणाऱ्या पिढ्यांना रात्र आणि दिवा यांचे नाते नीट ठाऊक होते, हे मान्य करावेच लागेल.

१९९९ च्या कारगिल युद्धात हेच नाते पुन्हा पाहावयास मिळाले. १३ जूनला २ राजपुताना रायफल्सने तोलोलिंग घेतले, ४ जुलैला १८ ग्रेनेडियर्सने टायगर हिलवर धडक दिली. उघड्या, झाडाझुडपांविना असलेल्या उतारांवर दिवसा चढणे म्हणजे वरच्या बंकरमधील मशीनगनला नेम धरून देणे. म्हणून चढाया रात्री झाल्या. अशा रात्री खडकाच्या आडोशाला क्षणभर नकाशा पाहायचा असेल, जखमीची पट्टी घट्ट करायची असेल, अडकलेले काडतूस काढायचे असेल, तर किती उजेड लागतो? मेणबत्तीच्या अंशाएवढा. आणि बाजारातल्या बहुसंख्य विजेऱ्यांचे बटण दाबले की पहिल्या दाबाला काय मिळते? पूर्ण झोत. मंद उजेड हवा असेल तर बटण दोनदा, तीनदा दाबत जायचे. आणि चुकून एकदा जास्त दाबले गेले की दिवा लुकलुकू लागतो. मिरवणुकीत शोभणारी ही लुकलुक गस्तीवरील तुकडीला अनर्थ ठरू शकते. सैनिकी वापराच्या विजेरीत पहिला दाब मंद उजेडाचाच असला पाहिजे, बटण मागच्या टोकाला असले पाहिजे, आणि बोट उचलले की दिवा विझला पाहिजे. तीन हजार ल्यूमेनपेक्षा या तीन गोष्टींचे मोल अधिक.

डोळ्याचाही विचार करावा लागतो. मानवी डोळा अंधाराला पूर्णपणे सरावण्यास वीस ते तीस मिनिटे घेतो. पांढऱ्या प्रखर उजेडाचा एक फटकारा ती सारी कमाई घालवतो. म्हणून पूर्वीपासून सैन्यात लाल काच वापरण्याची पद्धत आहे, कारण अंधारात पाहणाऱ्या पेशींवर लाल उजेडाचा परिणाम सर्वांत कमी होतो. मात्र लाल काच मिळाली म्हणजे प्रश्न सुटला, असे समजणाऱ्यांनी भारतीय सर्वेक्षण विभागाचा नकाशा एकदा लाल उजेडात उघडून पाहावा. त्या नकाशावर रस्ते लाल आणि समोच्च रेषा तपकिरी असतात. लाल उजेडात रस्ते नाहीसे होतात आणि रेषा पुसट होतात. शिवाय आज शत्रूच्या हाती रात्रीदृष्टीची उपकरणे आहेत आणि ती लाल उजेडाला चांगलीच संवेदनशील असतात. कालची सुरक्षित सवय आज तितकी सुरक्षित राहिलेली नाही. उजेडाचा रंग कोणताही असो, तो कमी असणे आणि झाकलेला असणे, यांना पर्याय नाही.

आता आकड्यांकडे. अमेरिकेत २००९ मध्ये विजेऱ्यांसाठी ‘एफएल-१’ नावाचे मानक ठरवण्यात आले. त्यापूर्वी प्रत्येक उत्पादक आपल्या सोयीचे आकडे छापत असे. त्यानंतरही अनेक जण छापतात, पण निदान ताडून पाहण्यास एक माप मिळाले. या मानकानुसार ‘झोताचे अंतर’ म्हणजे जेथे उजेड पाव लक्स, साधारणतः निरभ्र पौर्णिमेच्या चांदण्याइतका, उरतो ते अंतर. म्हणजे खोक्यावर दोनशे मीटर लिहिले असेल, तर दोनशे मीटरवर चांदणे मिळेल, दिवस उजाडणार नाही. ‘चालण्याचा वेळ’ मोजतात तो उजेड मूळच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंत. आणि ल्यूमेन मोजतात ते दिवा लावल्यानंतरच्या पहिल्या दोन मिनिटांत. येथेच खरी मेख आहे. मुठीत मावणाऱ्या विजेरीतून हजारावर ल्यूमेन काढले की ती तापते. तापली की आतील मंडल आपण होऊन उजेड उतरवते. खोक्यावरचा आकडा दोन-तीन मिनिटांचा पाहुणा असतो. ‘किती वेळ’ हा प्रश्न न विचारता ‘किती ल्यूमेन’ विचारणारे गिऱ्हाईक दुकानदाराला आवडते, त्यात नवल नाही.

टिकाऊपणाचे मापही याच मानकात आहे. किमान एक मीटरवरून काँक्रीटवर निरनिराळ्या बाजूंनी विजेरी पाडायची आणि ती चालू राहिली पाहिजे. पाण्याची परीक्षा वेगळी : ‘आयपीएक्स-४’ म्हणजे केवळ शिंतोडे सोसणारी, ‘आयपीएक्स-७’ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरणारी. मोघम ‘वॉटरप्रूफ’ या शब्दाला या आकड्यांशिवाय अर्थ नाही. पूर्वीच्या विजेरीत बल्बची तार तुटत असे. एलईडी आल्यापासून ती भीती गेली. आता विजेरी मरते ती बटणात, स्प्रिंगमध्ये, आट्यांवरील रबरी ओ-रिंग सुकल्यामुळे, किंवा सोल्डर उखडल्यामुळे. म्हणजे बाहेरचे ॲल्युमिनियम कितीही जाड असो, दोन रुपयांची स्प्रिंग हलक्या प्रतीची असेल तर सारे व्यर्थ. वाळूजच्या कारखान्यात काम केलेला कोणताही टर्नर-फिटर हे एका वाक्यात सांगेल.

धातूविषयी एक बाब सपाट प्रदेशात राहणाऱ्यांच्या सहसा ध्यानात येत नाही. सियाचीनसारख्या ठिकाणी, जेथे पारा शून्याखाली पन्नासपर्यंत उतरतो, तेथे उघड्या धातूला उघडा हात लावणे म्हणजे कातडी गमावण्याची तयारी ठेवणे. तेथे चांगल्या प्रतीचे पॉलिकार्बोनेटचे शरीर चकचकीत ॲल्युमिनियमपेक्षा सरस ठरू शकते. आणि बटण इतके ठसठशीत हवे की जाड हातमोज्यातूनही ते लागले की नाही हे बोटाला कळावे.

तरीही विजेरीची निवड खऱ्या अर्थाने होते ती सेलपाशी. साध्या अल्कलाइन सेलच्या आत पाण्यावर आधारलेला द्रव असतो. थंडी वाढत जाते तशी त्याची शक्ती झपाट्याने क्षीण होते, आणि वापराविना पडून राहिला की तो गळून विजेरीचे पोट खाऊन टाकतो. पुन्हा चार्ज होणारे लिथियम-आयन सेल साधारणपणे उणे वीसपर्यंत काम देतात, परंतु शून्याखालील तापमानात त्यांना चार्ज केले तर ते कायमचे बिघडतात. एकदाच वापरायचे लिथियमचे सेल उणे चाळीसपर्यंत चालतात आणि दहा वर्षे ठेवले तरी बहुतांश शक्ती राखून असतात. पण ते महाग पडतात आणि प्रत्येक गावी मिळत नाहीत. तेव्हा विजेरी घेताना विचारायचा प्रश्न असा की, जेथे ती वापरायची आहे तेथे तिचा सेल येणार कोठून? ज्या विजेरीला साधा पेन्सिल सेल चालतो, ती कमी झगमगीत असेल. परंतु तोच सेल टोळीतील दुसऱ्या उपकरणातही बसत असेल, तर गरजेच्या वेळी एकाचा सेल काढून दुसऱ्यात घालता येतो. खास आकाराच्या सेलवर चालणारी दिमाखदार विजेरी तो सेल संपल्यावर खिशातला दगड होते. थंडीच्या ठाण्यांवर सेल अंगावरच्या कपड्यांच्या आत, शरीराच्या उबेला जपून ठेवण्याची सवय असते. अशा वेळी सेल पटकन काढता-घालता येणे, अंधारात उलट-सुलट बाजू बोटाने ओळखता येणे, हे सारे निवडीचेच भाग आहेत.

कुटुंबाने विजेरी घ्यावी की न घ्यावी, हा प्रश्न मुळात उद्भवतो कशामुळे? देशाने सैनिकाला दिलेले साहित्य त्याला पुरेसे वाटावे, ही अपेक्षा गैर नव्हे. येथे सरकारी खरेदीचा विषय येतो आणि त्याबरोबर ‘एल-वन’ म्हणजे सर्वांत कमी दराच्या निविदेला दोष देण्याची जुनी सवयही येते. हा दोष अर्धाच खरा आहे. नियमानुसार सर्वांत कमी दराची निविदा निवडली जाते ती विनिर्देशांत बसणाऱ्यांमधून. विनिर्देशांत रंग, वजन आणि ल्यूमेन लिहिले, आणि पन्नास वेळा पडल्यावर, उणे तीस तापमानात रात्रभर राहिल्यावर, दोन हजार वेळा बटण दाबल्यावर काय झाले पाहिजे हे लिहिलेच नाही, तर स्वस्त पुरवठादाराने लबाडी केली असे म्हणता येत नाही. मागणाऱ्यानेच कमी मागितले. कागद तयार करणारा आणि अंधारात बटण दाबणारा यांची गाठ पडत नाही, हे दुखणे आहे. महालेखापरीक्षकांच्या फेब्रुवारी २०२० मध्ये संसदेत मांडलेल्या अहवालाने उंच प्रदेशातील जवानांच्या बर्फाच्या चष्म्यांचा तीव्र तुटवडा आणि बहुउपयोगी बूट पुरवण्यातील दिरंगाई नोंदवली होती. नोव्हेंबर २०१५ ते सप्टेंबर २०१६ या काळात बूट मिळाले नाहीत म्हणून जुनेच दुरुस्त करून वापरावे लागले. चष्मा, बूट, विजेरी. या वस्तूंसाठी वर्तमानपत्रांत मथळे येत नाहीत. विमान-तोफांच्या सौद्यांवर रात्रभर चर्चा झडतात. सैनिकाचा दिवस मात्र या किरकोळ वस्तूंवर निभावतो.

खरेदीचा दुसरा पदर स्वदेशीचा. त्याविषयी या देशात घोषणा पुष्कळ झाल्या, हिशेब कमी झाला. २०१७ च्या ‘मेक इन इंडिया’ प्राधान्य आदेशाने, आणि २०२० च्या सुधारणेने, देशी मूल्यवर्धन पन्नास टक्के वा अधिक असणाऱ्यास पहिल्या वर्गाचा स्थानिक पुरवठादार ठरवले. जुलै २०२० मध्ये सीमा लागून असलेल्या देशांतील निविदाकारांवर निर्बंध आले. फेब्रुवारी २०२५ मध्ये तर चिनी भाग आढळल्याने सुमारे ४०० ड्रोनचे करार रद्द करण्यात आले. परदेशी विजेरीवर येथील नावाची पट्टी चिकटवणे हे ड्रोनवर चिकटवण्याहून सोपे आहे, हे वेगळे सांगावयास नको. अशी पट्टी ही परदेशी वस्तूपेक्षाही वाईट. परदेशी वस्तू निदान आपले गाव लपवत नाही.

मग खरी देशी विजेरी किती देशी होऊ शकेल? हा प्रश्न छत्रपती संभाजीनगरलाच विचारण्याजोगा आहे. वाळूज आणि चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतींत ॲल्युमिनियमच्या कामाची परंपरा आहे. वाहनांचे दिवे बनवणारी व्हॅरॉक आणि ॲल्युमिनियमच्या ओतकामात मोठे नाव असलेली एन्ड्युरन्स, या दोन्ही कंपन्यांचे मुख्यालय वाळूजलाच आहे. चिकलठाण्यात इंडो-जर्मन टूल रूम आहे, वाळूजला मराठवाडा ऑटो क्लस्टर आहे. विजेरीचे शरीर, आटे, हार्ड ॲनोडायझिंग, ओ-रिंगची खाच, बटणाचा साचा, आतील मंडलाची जुळणी हे सारे या शहराच्या आवाक्यातले आहे. मोटारसायकलचा दिवा खड्ड्यांतून, पावसातून, उन्हातून वर्षानुवर्षे चालवून दाखवणाऱ्या कामगाराला धक्का आणि पाणी यांविषयी नव्याने शिकवावे लागणार नाही.

पण एलईडीची मूळ चकती आणि लिथियमचा सेल या दोन ठिकाणी गाडी अडते. एप्रिल २०२१ मध्ये मंजूर झालेल्या ६,२३८ कोटी रुपयांच्या प्रोत्साहन योजनेत एलईडीच्या सुट्या भागांचा समावेश करण्यात आला, त्याच वर्षी प्रगत बॅटऱ्यांसाठी १८,१०० कोटींची योजना आली. दिशा योग्य आहे. तरी आज कोणी शंभर टक्के स्वदेशी विजेरी म्हणून काही विकत असेल, तर त्याला चकती आणि सेल कोठले, एवढेच विचारावे. प्रामाणिक उत्तर आले, ‘शरीर येथले, मंडल येथले, चकती बाहेरची’ असे, तर तो माणूस विश्वासाचा समजावा आणि त्याचीच विजेरी घ्यावी. उरलेल्या दोन भागांची परावलंबिता लपवल्याने कमी होत नाही. युद्धाच्या दिवसांत सेलची आवक थांबली तर लपवलेली गोष्ट पहिल्या पंधरवड्यातच उघडी पडते.

दिवाळीच्या आसपास एखादे मंडळ, एखादी संस्था वर्गणी काढून जवानांसाठी शे-दोनशे विजेऱ्या पाठवण्याचा संकल्प करते. संकल्प उत्तम, परंतु त्यांनी शंभर झगमगीत विजेऱ्यांऐवजी वीसच घ्याव्यात, त्या साध्या पेन्सिल सेलवर चालणाऱ्या घ्याव्यात आणि उरलेल्या पैशांचे लिथियम सेल पाठवावेत. त्याआधी सुटीवर आलेल्या एखाद्या हवालदाराला बोलावून ती विजेरी डोळे मिटून लावायला सांगावी. पहिल्या दाबाला झोत आला, तर ती परत करावी.

आणि ज्या घरात पेटी भरली जात आहे, तेथील धाकट्या भावाने दुकानातून आणलेली विजेरी लगेच पेटीत टाकू नये. लिथियमचे न चार्ज होणारे सेल घालून ती एक रात्र फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवावी. तेथे उणे अठराच्या आसपास तापमान असते. सकाळी काढून, जाड हातमोजा घालून बटण दाबावे. मग कमरेच्या उंचीवरून ओसरीच्या फरशीवर पाच-सहा वेळा पाडावी, अर्धा तास पाण्याच्या बादलीत बुडवावी, आणि उघडून आत ओल आली आहे का ते पाहावे. या सगळ्यासाठी एक दिवस पुरतो. दुकानदाराला आधीच सांगून ठेवावे की विजेरीची अशी परीक्षा होणार आहे. त्याने मान हलवली तर पैसे द्यावेत. ‘साहेब, अशी परीक्षा करायची नसते’ असे तो म्हणाला, तर पुढच्या दुकानात जावे.